नववा फेरा

बैठक दहाला ठरली होती. थोरला मात्र आठपासूनच कारखान्यात होता. सुट्टीचा दिवस असल्याने मोटारी गप्प होत्या. उंच खिडक्यांतून आलेले ऊन तेलकट फरशीवर चौकोन आखून बसले होते, आणि दाराजवळ परत आलेल्या मालाची सहा खोकी तोंडे उघडी टाकून पडली होती. प्रत्येक खोक्यात चाळीस स्पिंडल होते. पाण्याच्या मोठ्या झडपा ज्यांच्या आधाराने वरखाली होतात ते हे पोलादी दांडे, आणि प्रत्येकावर वीतभर लांबीचे रुंद, पसरट आटे.

खोक्यांकडे पाठ करून त्याने व्हाइसमध्ये एक पोलादी तुकडा पकडला होता आणि हाताने टॅप फिरवून भोकात आटे पाडत होता. काम तातडीचे नव्हते. पण हात रिकामे राहिले की त्याचे तोंड चालू लागे, आणि आज तोंडावर ताबा ठेवायचा होता. तीन दिवसांपूर्वी, सगळ्या कामगारांदेखत, तो धाकट्याला म्हणाला होता, "एकतर तुझं ते कॉम्प्युटरवालं यंत्र इथून जाईल, नाहीतर मी." बोलून झाले होते. आता त्याचे काय करायचे ते ठरवायला घरची माणसे जमणार होती.

"तेल संपलंय," जुन्या लेथशेजारच्या खुर्चीतून आप्पा म्हणाले.

"घातलंय, आप्पा."

"घातलं होतंस. आता नाहीये. आवाज कोरडा येतोय."

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांनी दगा दिल्याला चार वर्षे झाली होती. माणसे त्यांना सावल्यांसारखी दिसत. कानांना मात्र टॅपच्या धारेवर तेल आहे की नाही, तेही कळे. थोरल्याने बुधलीतून दोन थेंब सोडले.

"आणि नुसता पुढेच रेटतोयस. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मागे घेतलं की आतला कीस तुटतो, वाट मोकळी होते. रेटत राहिलास तर टॅप मोडेल भोकातच. मग बस खरवडत दिवसभर."

"छप्पन्न वर्षांचा झालो मी, आप्पा."

"म्हणून तर सांगतोय. विसाव्या वर्षी मोडला तर शिकतोय म्हणता येतं."

थोरला मनातल्या मनात हसला, आणि त्याने टॅप मागे घेतला.

धाकटा आणि बहीण एकाच स्कूटरवरून आले. थोरल्याने ते टिपले. बहीण दुसऱ्या एका मोठ्या कारखान्यात मोजमापाच्या खोलीची प्रमुख होती. तिचे घर धाकट्याच्या वाटेवर नव्हते. म्हणजे तो तिला मुद्दाम वळसा घालून घेऊन आला होता, आणि ज्याअर्थी मुद्दाम आणले त्याअर्थी बोलणेही आधीच झाले होते. तिच्या खांद्यावर एक जड पिशवी होती. पाठोपाठ थोरल्याची बायको चहाचा थर्मास घेऊन आली आणि कुणाच्याही बाजूला न बसता मधल्या टेबलाशी पेले मांडू लागली.

"पत्र वाच," आप्पा धाकट्याला म्हणाले.

धाकट्याने घसा साफ केला. "'आपण पुरवलेल्या दोनशे चाळीस स्पिंडलवर आमचा नट नवव्या फेऱ्याला अडतो. पुढे जात नाही. माल परत पाठवीत आहोत. नमुन्यादाखल आमचा एक नट सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत बदली माल न मिळाल्यास काम अन्यत्र देण्यात येईल.' एवढंच."

"एवढंच कसं?" थोरला म्हणाला. "चाळीस वर्षांत एक खोकं परत आलं नव्हतं. यंत्र येऊन आठ महिने झाले नाहीत, तर सहा खोकी."

"दादा, निम्मे तुझ्या लेथवरचे आहेत."

"माझे मास्तरांनी पास केलेत."

"माझेही मास्तरांनीच पास केलेत."

मास्तर म्हणजे माणूस नव्हे. आप्पांनी तरुणपणी याच लेथवर स्वतः बनवलेल्या टॅपने आटे पाडलेला तो एक कांस्याचा नट होता, मुठीएवढा, आतून आरशासारखा गुळगुळीत, बारा आट्यांचा. मूळ नाव मास्टर नट. कामगारांच्या तोंडी त्याचा मास्तर झाला. कारखान्यातला प्रत्येक स्पिंडल आधी मास्तरांच्या हाताखालून जाई. बाराही फेरे सरळ गेला तर पास, अडला तर नापास. त्या निकालावर अपील नव्हते. मास्तर फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून थोरल्याच्या खणात राहत, आणि खणाची किल्ली त्याच्या कमरेला.

"तुझे पास झाले ते केव्हा?" थोरला म्हणाला. "आधीचे अकरा आठव. अकराच्या अकरा अडले होते. मी तुझ्या उरावर बसून यंत्रातला आकडा बदलायला लावला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आता ते यंत्र पुन्हा आपल्या मनाचं करू लागलं असेल. त्यांनी पाच-दहा पीस पाहिले असतील, ते नेमके तुझे निघाले, आणि पोतंभर धान्य एका खड्यापायी परत."

"दादा," बहीण पहिल्यांदाच बोलली, "तुझ्या पीसला तू शेवटाला पंचने टिंब मारतोस ना?"

"मारतो. का?"

"मग तुझेच पीस काढ की. भांडण कशाला? नट आहे, स्पिंडल आहे, हात आहेत."

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. थोरल्याने खोक्यात हात घालून टिंब असलेला एक स्पिंडल काढला, फडक्याने पुसला, आणि गिऱ्हाइकाने पाठवलेला नट त्यावर चढवला. नट लोण्यातून गेल्यासारखा फिरू लागला. त्याची बायको पेला हातात धरून मोठ्याने मोजू लागली, "चार... पाच... सहा..." आठव्या फेऱ्याला बोटांना भार जाणवला. नवव्याला नट थांबला. त्याने दुसरा पीस घेतला, मग तिसरा. तिसऱ्याच्या वेळी बायकोने मोजणे सोडून दिले होते.

"त्यांचा नटच चुकलेला आहे," थोरला म्हणाला.

धाकट्याने बहिणीकडे पाहिले. त्याचे ते पाहणे थोरल्याला एखाद्या शिवीपेक्षा जास्त झोंबले.

"तोही मोजलाय मी," बहीण म्हणाली. पिशवीतून तिने एक घडी केलेला कागद काढला. "त्यांच्या नटाच्या एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर. बरोबर पाच, ड्रॉइंगमध्ये आहे तेवढं. आपल्या स्पिंडलचं चार पूर्णांक नऊशे एकोणनव्वद सहस्रांश. एका आट्यामागे जेमतेम शतांश मिलिमीटर कमी. केसाच्या जाडीचा सातवा-आठवा भाग."

"एवढ्याने काय होतं?"

"एका आट्यात काहीच नाही. पण नट एकाच वेळी बाराही आटे धरून बसतो ना, दादा. दुसऱ्या आट्यात चूक दुप्पट, तिसऱ्यात तिप्पट. नट आणि दांडा यांच्यात जी फट ठेवतो, तिच्यात आठ फेऱ्यांपर्यंत चूक मावते. नवव्याला फट संपते."

"पण मास्तरांत का अडत नाही मग?"

प्रश्न तोंडातून निसटला, आणि तो विचारता विचारताच थोरल्याला त्याचे उत्तर समोर उभे दिसले. दोन्ही एकाच लेथचे. आजवर इथून नटासकट पूर्ण झडपा जात; नुसते दांडे या गिऱ्हाइकाने पहिल्यांदाच मागवले होते. चूक मोजायला चुकीचीच पट्टी लावली होती. त्याने आप्पांकडे पाहिले. आप्पा मान किंचित तिरकी करून ऐकत होते, कोरडा आवाज ऐकताना करत तशी.

"म्हणजे ते अकरा..." त्याची बायको हळूच म्हणाली.

"बरोबर होते, वहिनी," धाकटा म्हणाला. "मी पाच आकडा भरला होता. दादाने चार पूर्णांक नऊशे एकोणनव्वद करायला लावलं. त्याच्याच एका पीसवरून मापून तो आकडा घेतला, तेव्हा मास्तर खूश झाले. त्या अकरा पीसचं भंगार केलं मी."

"आणि बोलला नाहीस?" थोरला कडाडला. "ड्रॉइंगमध्ये पाच आहे हे दिसत असताना गप्प बसलास?"

"बोललो होतो. तू म्हणालास, 'ड्रॉइंग काढणाऱ्याने आयुष्यात आटे पाडलेत का?'"

हेही खरे होते. कामगार हसले होते, आणि त्या हसण्याने थोरल्याला बरे वाटले होते. पण माघार घेणे इतके सोपे नव्हते. आप्पांनी कागदाला हातही लावला नव्हता, आणि तीस वर्षे ज्या लेथपुढे तो उभा राहिला त्या लेथवर कागदाने आरोप करावा आणि त्याने मान डोलवावी, हे त्याच्या अंगातच नव्हते.

"कागद काय, काहीही सांगेल," तो म्हणाला. "लेथ चुकतो कुठे, ते दाखव."

"दाखवते. डावीकडचं गिअरचं झाकण उघड."

"कशाला?"

"हा लेथ इंचांच्या जमान्यातला, दादा. त्याचा तो लांब स्क्रू, जो हत्याराला पुढे सरकवतो, तो इंचाच्या मापाचा आहे. त्याच्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मधे एक खास चाक लागतं, एकशे सत्तावीस दातांचं. त्याच्याशिवाय इंचाचं मिलिमीटर नेमकं होत नाही. काल रात्रभर आकडे मांडत बसले. आपली चूक नेमकी एवढीच यायची असेल तर तिथे पंचावन्न आणि सत्तर दातांची चाकं असायला हवीत. मी चुकत असेन तर आत्ता कळेल."

थोरल्याने पाना घेतला. झाकणाचे दोन बोल्ट त्याने शेकडो वेळा काढले होते: आत तेल सोडायला, कीस झाडायला. या लेथवर दुसरे काम कधी घेतलेच जात नसल्याने चाके बदलायची वेळ कधी आली नव्हती. तीस वर्षे त्याने त्या चाकांना तेल पाजले होते, आणि त्यांचे दात किती, हे त्याला माहीत नव्हते. असे काही माहीत करून घ्यायचे असते, हेच सुचले नव्हते.

वरच्या चाकाच्या एका दातावर त्याने खडूची रेघ मारली आणि नखाने एकेक दात मोजत गेला. पंचावन्न. पुन्हा मोजले. पंचावन्न. खालचे सत्तर. तिसऱ्यांदा मोजताना आपण आता दात मोजत नसून वेळ काढतो आहोत, हे त्याला कळत होते. आप्पांना दिसत नव्हते. तो काहीही आकडा सांगू शकत होता; बहीण उठून मोजायला आली असती, पण आप्पांसमोर ती कदाचित आलीही नसती. हेही त्याने मनात तोलले, आणि तोलल्याची त्याला लाज वाटली.

"वरचं पंचावन्न ना रे?" आप्पा म्हणाले.

थोरल्याच्या हातातला खडू मोडला.

"हो, आप्पा."

"आणि खाली सत्तर."

"हो."

आप्पांनी हात पुढे केला. धाकट्याने त्यात चहाचा पेला दिला. त्यांनी तो न पिता गुडघ्यावर धरून ठेवला.

"मशीन घेतलं तेव्हा जुनंच होतं," ते म्हणाले. "चाकांचा डबा सोबत आला, त्यात एकशे सत्तावीसचं नव्हतं. पहिलीच ऑर्डर, अठरा झडपा. मी हाताशी होती ती चाकं लावून पाहिली, ही दोन सगळ्यात जवळची निघाली. म्हटलं, तात्पुरती लावू. नट आपला, दांडा आपला, दोघांची चूक सारखी, एकमेकांत बसतंय ना? बसलं. चाक मिळालं की नव्याने सगळं करू, असं ठरवलं होतं."

"मग?" बहिणीने विचारले.

"मग ऑर्डरी येत गेल्या. विसरलो म्हणालो असतो, पण ते खरं नाही. आठवायचं टाळत गेलो. पुढे हा लेथवर आला," त्यांनी थोरल्याच्या दिशेने मान वळवली, "आणि मास्तरांवर याची इतकी श्रद्धा बसली, की म्हटलं, आता कशाला?"

"बेचाळीस वर्षं तात्पुरती," थोरल्याची बायको म्हणाली. आणि मग तिला एकदम हसू फुटले. पदर तोंडाशी नेऊनही ते आवरेना.

"आता यात हसण्यासारखं काय आहे?" थोरला चिडला.

"अहो, आपली गिऱ्हाइकं! दर वेळी येऊन काय म्हणायची? 'दुसऱ्या कुणाचा नट तुमच्या झडपेला चालतच नाही हो, शेवटी तुमच्याकडेच यावं लागतं.' आणि तुम्ही दोघं घरी येऊन कॉलर ताठ करून सांगायचात! कौतुक कसलं, तक्रार होती ती!"

मग आप्पांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. त्यांना ठसका लागला आहे असे समजून बहीण पुढे झाली, पण ते हसत होते, चहा सांडत होता, आणि त्यांच्या निकामी डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते सगळेच पाणी हसण्याचे होते असे थोरल्याला वाटले नाही.

"नालायक आहोत आपण," आप्पा म्हणाले. "पार नालायक." मग पेला खाली ठेवून ते गंभीर झाले. "पत्राला उत्तर लिहा. चूक आमची आहे, चाकांची आहे, यंत्राची नाही, असं स्पष्ट लिहा. खाली माझं नाव घाला. त्याचं नको," म्हणजे थोरल्याचे, "आणि धाकट्याचं तर नकोच."

"आणि लेथ?" थोरल्याने विचारले. विचारताना आपला आवाज लहान झाला आहे हे त्याला जाणवले. "भंगारात?"

"भंगारात कशाला?" हे धाकटा म्हणाला. "बेचाळीस वर्षांच्या झडपा बाहेर चालू आहेत, दादा. त्यांना सुटे भाग लागणारच. त्यांना पाचचा आटा चालणार नाही, तुझाच लागणार. त्या सगळ्या झडपा तुझ्या नावावर."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटले की दिलासा म्हणून, हे थोरल्याने त्याच्या चेहऱ्यावर शोधून पाहिले. धाकट्याच्या चेहऱ्यावर दोन्ही होते, आणि दोन्ही असण्याचा त्याला हक्कही होता.

"मला वाटलं होतं तू आज वाटणी मागशील," थोरला म्हणाला.

"मागणार होतो. ताई म्हणाली, आधी दात मोजू."

थोरला उठला. कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला, काचेच्या दारामागे, धाकट्याचे यंत्र उभे होते. आठ महिन्यांत तो त्याच्या जवळून शंभरदा गेला होता, पण त्याला बोट लावले नव्हते. तो त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तो आकडा कुठे भरतात?"

"मी भरतो, दादा."

"मी काढायला लावला होता ना? मग मीच भरतो. दाखव."

धाकट्याने यंत्र चालू केले, पडद्यावर एक ओळ आणली आणि बोट ठेवले. चार पूर्णांक नऊशे एकोणनव्वद. थोरल्याने चष्मा लावला. तर्जनीने आधी जुना आकडा पुसला, एकेक अंक, सावकाश. मग पाच दाबला आणि विचारले, "एवढंच?"

"एवढंच."

"नुसतं पाच? पुढे काही नाही?"

"नुसतं पाच, दादा."

दार सरकले, आत पांढऱ्या पाण्याची धार सुरू झाली, आणि दांड्यावर हत्याराच्या पहिल्या फेरीची बारीक, चमकती रेघ उमटली, मग दुसरी, जरा खोल, मग तिसरी. लेथवर तो स्वतः अशाच फेऱ्या मारी, प्रत्येक वेळी केसभर आत जात. हे त्याला आधी कधी दिसले नव्हते, कारण तो कधी पाहायलाच थांबला नव्हता. काही मिनिटांत धाकट्याने ओला, गरमसर स्पिंडल काढून त्याच्या हातावर ठेवला.

थोरल्याने तो आप्पांच्या खुर्चीपाशी आणला आणि गिऱ्हाइकाचा नट चढवला. या वेळी मोजायला कुणी पुढे झाले नाही. तो स्वतःच पुटपुटत मोजत होता. आठ. नऊ. बोटांनी भाराची वाट पाहिली, भार आला नाही. दहा, अकरा, बारा. नट पूर्ण चढला आणि तसाच पुढे सरकत राहिला. बहिणीने मोठा सुस्कारा सोडला. धाकटा खिडकीतून बाहेर पाहत होता.

नट काढून थोरल्याने स्पिंडल पुसला, आणि तीस वर्षांची सवय असल्यामुळे त्याचा हात आपसूक कमरेच्या किल्लीकडे गेला. खण उघडला गेला, फ्लॅनेल सुटले. आपण काय करतो आहोत हे लक्षात येईपर्यंत मास्तर दांड्यावर चढलेही होते. सहा. सात. आठव्याला बोटांना भार जाणवला. नवव्याला मास्तर थांबले. त्याने जोर केला नाही; पाव फेरा मागे घेतला आणि तसाच उभा राहिला.

आप्पांनी मान तिरकी केली.

"अडला?"

"अडला, आप्पा. नवव्याला."

"मग बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "पाठवून द्या."